बाराव्या पट्टीवरचं अंतर

बारक्या एक्केचाळीस वर्षांचा होता. मिशीत पांढरे केस डोकावत होते, चष्म्याच्या दुकानात त्याच्या हाताखाली दोन माणसं होती, आणि तरीही सगळे त्याला बारक्याच म्हणत. यात त्याचा दोष एवढाच की त्याच्या आधी साडेचार वर्षं दादा जन्माला आला होता. दादा होता म्हणून हा बारक्या. आता दादाला जाऊन पाच महिने झाले होते, पण नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि त्यालाही त्याचं काही वाटलं नाही.

खरी गोची तीच होती. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दादा गेला तो न्हाव्याच्या खुर्चीत, भर दुपारी, अर्धी दाढी झालेली असताना. न्हावी वस्तरा पुसायला वळला आणि परत फिरला तर मान कलली होती. बारक्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून पहिला निरोप त्याला. तो पोचला, मागोमाग डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहून मान हलवली. न्हावी बिचारा कोपऱ्यात उभा होता. बारक्यानं पाहिलं, दादाचा एक गाल गुळगुळीत झालेला आणि दुसऱ्यावर साबण वाळत चाललेला. तो न्हाव्याला म्हणाला, "उरलेली करून टाका. असा घरी नेला तर वहिनी काय म्हणेल." न्हाव्याचा हात स्थिर होईना, म्हणून त्यानं स्वतः दादाची हनुवटी दोन बोटांत धरून ठेवली, दुकानात गिऱ्हाइकाची धरतो तशी. दाढी नीट झाली. लोक म्हणाले, केवढा धीराचा माणूस आहे. बारक्याला ठाऊक होतं की यात धीराबिराचा काही संबंध नाही. आतला मेन स्विच कुणीतरी खाली ओढला होता आणि तो अजून खालीच होता.

घरात सगळे रडून मोकळे झाले. वहिनी रडली, बारक्याची बायको तर वहिनीपेक्षा जास्त रडली, एकदा वहिनीनंच तिला पाणी आणून दिलं. बारक्यानं मात्र हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायला लागला. जेवायचा, झोपायचा, विचारलं की उत्तर द्यायचा. मध्यंतरी एकदा बायकोनं गडबडीत चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तिनं स्वतःचा घोट घेतला आणि धावत मोरी गाठली. परत येऊन बघते तर यानं कप रिकामा करून खाली ठेवलेला.

"अहो, खारट नाही लागला?"

"लागला असेल."

ती त्यावर हसली, आणि मग हसता हसता गप्प झाली. त्या दिवसापासून तिच्या मनात जी भीती बसली तीच हळूहळू बारक्याच्याही मनात उतरली, की हा स्विच परत वर जाणारच नाही. सोळा वर्षं ज्याच्या मागे उभं राहून वाजवलं त्या सख्ख्या भावासाठी आपल्याला रडूही येत नाही, म्हणजे आपल्यात माणूस म्हणून काही शिल्लक आहे का, एवढं एकच त्याला कळायला हवं होतं. पण कुणाला विचारणार?

वाजवणं म्हणजे बँड. फार मोठा नव्हे, चार टाळकी. दादा पुढे उभा राहून गायचा आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ड्रमवर दादाचा शाळेपासूनचा दोस्त, पेशानं प्लंबर. त्याला बारक्या भाऊ म्हणायचा. कीबोर्डवर एक गणिताच्या मास्तरीणबाई, ज्या चुकलेल्या तालाकडेही चुकलेल्या उत्तराकडे बघावं तशा चष्म्यावरून बघत. आणि मागे, दादाच्या डाव्या खांद्याआड, दुसरी गिटार घेऊन बारक्या. त्याचं काम टेकू देण्याचं. टेकूकडे कुणी बघत नाही आणि बघू नये अशीच त्याची इच्छा असते.

बँडची दुरुस्तीही बारक्याकडेच. दादाला साधी तार बदलायची म्हटलं तरी चारदा शिव्या आणि एकदा रक्त निघायचं. म्हणून दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी दादा गिटार घेऊन यायचा, ती जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि कोचावर आडवा व्हायचा. "झालं की उठव रे." बारक्या तारा बदलायचा, उंची बघायचा, सूर लावायचा आणि मग घोरणाऱ्या दादाला उठवायचा. सोळा वर्षं हे चाललं. दादाची ती गिटार आता वहिनीच्या खोलीत भिंतीवर होती आणि तिला कुणी हात लावत नसे, तेच बरोबर होतं.

बारक्याची स्वतःची गिटार दोन महिन्यांपूर्वी मोडली. कपाटाला टेकवून ठेवलेली घसरली आणि मानेत कटकन तुटली. त्यानं तुकडे उचलले, पेपरात गुंडाळले, माळ्यावर टाकले आणि हात धुऊन जेवायला बसला.

शनिवारी संध्याकाळी प्लंबर आणि मास्तरीणबाई त्याच्या घरी आले. प्लंबरच्या खांद्यावर एक लांबलचक खोका होता. पाण्याचा पाइप आणावा तसा त्यानं तो दारातून तिरका आत घेतला आणि कोचावर ठेवला.

"आमच्या दोघांकडून," तो म्हणाला. "नको म्हणू नकोस. दुकानदार परत घेणार नाही."

"पुढच्या शनिवारी कारखान्याचं संमेलन आहे," बाई म्हणाल्या. "आपल्याला बोलावलंय. गाणं मी म्हणेन, माझ्या मूळ सुरात. आता तो अर्धा सूर खाली उतरायचा नाही, मला खालचं झेपत नाही. पुढची गिटार तू वाजवायचीस."

"बरं," बारक्या म्हणाला.

बाईंनी प्लंबरला डोळ्यांनी खुणावलं, आता पुरे म्हणून. पण त्यांना न जुमानता त्यानं जे ठरवून आला होता ते बोलून टाकलं. "हे बघ बारक्या, तुला सरळ सांगतो. तुझ्याशिवाय हे होत नाही. दुसरा कुणी आणून मी वाजवणार नाही, एवढं माझं वय राहिलेलं नाही. गुरुवारी माझ्या गोदामात तालीम. तुझ्यानं झालं तर बँड आहे. नाही झालं तर मी ड्रम माळ्यावर टाकतो, आणि राग नाही, रुसवा नाही. पण तुला खरंच वाजवायचंय का ते मला कळू दे."

"वाजवू की," बारक्या म्हणाला. आपल्याला खरंच वाजवायचंय का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. हो म्हणणं नाही म्हणण्यापेक्षा सोपं होतं, इतकंच.

ते गेल्यावर तो तारा आणायला बाहेर पडला. नव्या गिटारीला कारखान्यातून तारा लावून येतात, पण त्या तो कधीच ठेवत नसे. कोपऱ्यावरच्या वाद्यांच्या दुकानदारानं त्याला पाहून मान डोलावली. "नेहमीचाच सेट ना?" बारक्यानं हो म्हटलं. दुकानदारानं पुडकं काढून दिलं.

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, त्यानं टेबलावर जुनी चादर अंथरली आणि खोका उघडला. गिटार निळी होती, शाळेतल्या बाकांना लावतात तसल्या निळ्या रंगाची, आणि वरून चकचकीत. नव्या वार्निशचा वास आला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"कशी आहे?"

"गिटार आहे," तो म्हणाला.

बायको आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवायला लागली.

दुकानातून आलेली गिटार कुणाचीच नसते. कारखान्यातला माणूस ती सगळ्यांना थोडी थोडी चालेल अशी बसवून पाठवतो, म्हणजे नीट कुणालाच चालत नाही. चष्म्याचंही तेच. नंबर बरोबर असला तरी नाक कुणाचं बसकं, कान कुणाचा खाली, आणि फ्रेम ज्याची त्याला बसवून द्यावी लागते. बारक्याचं पोट या एका गोष्टीवर भरत होतं. त्यामुळे त्याचे हात काय करायचं ते त्याला विचारायला थांबले नाहीत.

त्यानं मान डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून नजर फिरवली. नव्या माणसाला वाटतं की मान फूटपट्टीसारखी सरळ हवी. तसं केलं तर हलणारी तार मधेच लाकडावरच्या पट्ट्यांना घासते आणि माशी अडकल्यासारखा आवाज येतो. मान किंचित पुढे झुकलेली लागते, एखाद्या कागदाच्या जाडीएवढी. त्यानं कारखान्याच्या तारा एकेक सैल करून उतरवल्या, गुंडाळल्या, पिशवीच्या कप्प्यात सरकवल्या. मग नेहमीचं पुडकं फोडलं. या तारा जाड होत्या. मानेच्या टोकाच्या पांढऱ्या तुकड्यात तारा बसायच्या खाचा असतात, त्यात त्या मावेनात. म्हणून त्यानं दुकानातली बारीक कानस आणली आणि प्रत्येक खाच चारदा फिरवून रुंद केली, फुंकर मारून भुकटी उडवली. जाड तारांनी मान जास्तच ओढली गेली. मग मानेच्या पोटातली लोखंडी सळई किल्लीनं पाव फेरा आवळली, अर्धा तास थांबला, आणखी जरा आवळली.

त्यानंतर उंची. ती बाराव्या पट्टीवर मोजतात. लाकडावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी बारावी म्हणजे तारेचा बरोबर मध्य. पट्टीच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत किती अंतर आहे, यावर सगळं अवलंबून. अंतर कमी असेल तर हलक्या हातालाही सुख, जास्त असेल तर आवाज भरदार पण बोटांचे हाल. त्यानं खिशातली पोलादी पट्टी लावली, तारेखालचे स्क्रू फिरवले, पुन्हा पट्टी लावली. मग सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर गिटारीच्या डोक्याला चिमटवला, खुंट्या पिळून काटा मधे आणला, एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि गिटार पिशवीत घातली.

अडीच तास लागले. या अडीच तासांत त्याच्या मनात काही आलं असेल तर ते एवढंच, की चादर धुवायला टाकली पाहिजे.

"वाजवून नाही बघितली?" बायकोनं विचारलं.

"गुरुवारी बघू."

बायकोनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून कोचाकडे पाहिलं. मग ओट्याकडे वळून ती म्हणाली, "दादांना उठवायच्या आधी तुम्ही नेहमी वाजवून बघायचात." तो चादर गोळा करून मोरीकडे गेला.

सोमवार, मंगळवार, बुधवार दुकानात गेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दूरचं आणि जवळचं एकाच काचेत हवं होतं आणि मधली रेघ दिसायला नको होती. बारक्या त्यांना समजावत राहिला. गुरुवारी सहाला दुकान बंद करून तो पिशवी पाठीला लावून प्लंबरच्या गोदामात पोचला.

गोदाम म्हणजे लांबट खोली. एका बाजूला भिंतीपर्यंत रचलेले पाइप, कोपऱ्यात पाण्याच्या तीन टाक्या, पोत्यात पाइपांचे कोपरे, नळ आणि वायसर. मधल्या मोकळ्या जागेत ड्रम. मास्तरीणबाईंनी कीबोर्ड दोन उलट्या बादल्यांवर ठेवलेल्या फळीवर मांडला होता. बारक्यानं गिटार काढली, वायर लावली आणि सवयीनं मागे, डावीकडे जाऊन उभा राहिला.

"पुढे," प्लंबर म्हणाला.

तो दोन पावलं पुढे आला.

प्लंबरनं काठीवर काठी आपटून चार मोजले. बाईंनी गाणं सुरू केलं, बारक्यानं पहिला झटका मारला आणि असा काही आवाज निघाला की टाकीवर बसलेली मांजर उठून बाहेर गेली. बाईंनी हात उचलले.

"तू अर्धा सूर खाली आहेस."

बारक्यानं ट्यूनर लावून पाहिला. खरंच होतं. दादाचा गळा जड, म्हणून बँडच्या सगळ्या गिटारी सोळा वर्षं अर्धा सूर उतरवून लावल्या जात. बाई कीबोर्डवर एक बटण दाबून स्वतः खाली यायच्या. यावेळी मूळ सुरात लाव म्हणून त्यांनी शनिवारी सांगितलंही होतं.

"विसरलो," तो म्हणाला. "हात तिथेच थांबला."

"राहू दे, आत्तापुरती मीच खाली येते." बाईंनी बटण दाबलं. "आधी वाजव तर."

पुन्हा सुरुवात झाली. आता सूर जुळला, पण बाईंचा आवाज खाली जाताना विहिरीत गेलेल्या पोहऱ्यासारखा घासायला लागला. बारक्याचं तर वेगळंच. तारा बोटांखाली येईनात. दाबायला गेलं की बोट घसरे, ओढायला गेलं की तार जागची हलेना. मधला एकट्या गिटारीचा तुकडा आला तेव्हा त्याची करंगळी दोनदा तारेखालीच गेली. त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं, चौथ्यांदा घेतलं. पाचव्यांदा प्लंबरनं काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या.

"बारक्या, वाजवायचं नव्हतं तर त्या दिवशी सांगायचं होतंस." तो रागानं बोलत नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आम्ही काही तुझ्यावर चढून बसलो नव्हतो."

"गिटार ऐकत नाही," बारक्या म्हणाला.

"गिटार तू बसवलीस ना? तुझ्यासारखा बसवणारा आपल्यात नाही."

बारक्यानं खिशातून पोलादी पट्टी काढली. प्लंबरच्या कामाच्या टेबलावर गिटार आडवी ठेवली, वरचा बल्ब जरा ओढून घेतला आणि बाराव्या पट्टीवर अंतर मोजलं. जाड तारेखाली पावणेतीन मिलिमीटर. बारीक तारेखाली सव्वादोन. त्यानं पुन्हा मोजलं. मग हात तसाच ठेवून तो आकड्याकडे बघत उभा राहिला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पावणेतीन आणि सव्वादोन," तो म्हणाला. "हे दादाचं माप आहे. तारापण दादाच्याच आहेत. दुकानदारानं नेहमीच्या का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. सगळी गिटार मी दादाची बसवली."

 प्लंबर ड्रममागून उठून आला, त्यानं एक बोट जाड तारेवर ठेवून दाबून पाहिलं. दादाचा हात म्हणजे काय चीज होती ते त्याला माहीत होतं. दादा दिवसभर ट्रकचे टायर बदलायचा. त्याच्या बोटांना असल्या तारांखेरीज गिटार हातात असल्यासारखं वाटतच नसे. बारीक तारा लावल्या तर तो तासाभरात तोडायचा.

"मग तसंच राहू दे ना," प्लंबर अगदी हळू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याला त्याची लाज नव्हती. "दोन दिवस आहेत. घरी बसून हात बसव. तोच आवाज येईल बघ. पुढे कुणी उभं आहे असं वाटेल तरी."

"मी काढेन खालच्या सुरात," बाई म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. "घसा गेला तर गेला एक दिवस."

दोघं त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर इतकी आशा होती की बारक्या नेहमीसारखा हो म्हणणार होता. हो म्हणायला त्यानं तोंडही उघडलं.

"नाही," तो म्हणाला.

त्याचं त्यालाच नवल वाटलं. पाच महिन्यांत त्यानं कशालाच नाही म्हटलं नव्हतं, मिठाच्या चहालासुद्धा.

"मला नाही वाजवता येत दादाच्या मापानं. बदलतो."

"बदल," प्लंबर जरासा हिरमुसून म्हणाला. "कर तुझ्या मापाची. तुझं माप किती?"

बारक्यानं सांगायला सुरुवात केली आणि आकडाच आला नाही. त्यानं डोकं खाजवलं. दादाचं माप झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. प्लंबरच्या ड्रमची कातडी किती आवळायची तेही त्याला माहीत होतं. स्वतःचं माहीत नव्हतं. त्याची मोडलेली गिटार ही दादाची पहिली गिटार होती. दादानं नवी घेतली तेव्हा ती याच्याकडे आली, आणि आली तेव्हाच तिचे उंचीचे स्क्रू गंजून बसले होते, तेही सगळ्यात खाली. तारा पट्ट्यांवर जवळजवळ झोपलेल्या असत. जरा जोर लावला की घरघरायच्या. म्हणून तो जोर लावत नसे. सगळे म्हणायचे, बारक्याचा हात हलका आहे. हात हलका नव्हता, गिटार घरघरायची. आणि मागून आलेली घरघर पुढे दादा असल्यामुळे कुणाला कधी ऐकूही गेली नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला माझं माप माहीत नाही, भाऊ."

आणि मग ते आलं. रडू येईल असं त्याला इतके दिवस वाटत होतं, पण आधी आला तो राग. कानशिलं तापली. सोळा वर्षं हा माणूस रविवारी येऊन कोचावर पसरायचा, 'झालं की उठव' म्हणायचा, आणि एकदाही उठून त्यानं विचारलं नाही की बारक्या, तुझी कशी आहे रे? दाखव बघू. एकदाही नाही. आणि आपण तरी कुठे सांगितलं? गंजलेल्या स्क्रूला दोन थेंब तेल घालून बघायचं आपल्याला कधी सुचलं नाही. ते काम आपण दर दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या गिटारीवर केलं. आणि आता ज्याला विचारायचं तो अर्धी दाढी टाकून निघून गेला. भांडायलासुद्धा मागे राहिला नाही.

"मूर्ख," बारक्या म्हणाला. दोघांपैकी कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. पण त्याचा आवाज फाटला होता आणि प्लंबरनं मागे वळून बाईंकडे पाहिलं.

बारक्यानं जाड तारा सोडल्या. एकेक खुंटी उलटी फिरवताना त्या सैल पडत, लोंबत. पिशवीच्या कप्प्यातल्या कारखान्याच्या बारीक तारा काढल्या. त्या पुन्हा ओवायच्या म्हणजे किचकट काम, टोकं आधीच वळलेली. प्लंबरनं न सांगता पकड आणली आणि गिटारीचं डोकं धरून उभा राहिला. रुंद केलेल्या खाचांत बारीक तारा जरा सैलच बसल्या.

"खाच मोठी झाली," प्लंबर म्हणाला.

"झाली ती झाली. चालेल."

सूर अजून लावायचा होता, पण आधी उंची. मानेतली सळई आवळली होती तेवढी सैल करून, तारा वाजण्यापुरत्या ताणून त्यानं सगळे स्क्रू निम्म्यावर आणले आणि दोन-तीन पट्ट्यांवर तार दाबून पाहिली.

"बरं आहे?" प्लंबरनं विचारलं.

"माहीत नाही."

आणखी पाव फेरा खाली. पुन्हा वाजवलं. "आता?"

"माहीत नाही."

आणखी खाली. आता तार पट्टीला लागून घरघरली, अगदी जुन्या गिटारीसारखी, आणि बारक्याचा हात आपोआप हलका झाला. त्याच्या ते लक्षात आलं. तो थांबला.

"हे नको," तो म्हणाला. "हे मला नको. थोडं वर."

त्यानं अर्धा फेरा वर घेतला. मग जोरात वाजवलं, जितक्या जोरानं आजवर कधी वाजवलं नव्हतं तितक्या. तार घरघरली नाही. पुन्हा वाजवलं. अजून जरासं वर घेतलं, मग तेवढंच परत खाली. बाई आणि प्लंबर बसून बघत होते. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक, पण शेवटी बारक्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि पोलादी पट्टी लावून आकडा वाचला. तो दादाचाही नव्हता आणि जुन्या गिटारीचाही नव्हता.

"हं," तो म्हणाला. "हे माझं."

"शनिवारी येतोस ना?" प्लंबरनं विचारलं.

"येतो. पण दादाच्या तुकड्यात मी जमेल तेवढंच वाजवीन. नक्कल नाही करणार."

"कुणी मागितलीय?" प्लंबर म्हणाला आणि ड्रमकडे वळला, कारण त्याला नाक पुसायचं होतं.

उरला सूर. बारक्यानं ट्यूनर शोधला, पण डोळ्यांसमोरचा काटा त्याला दिसेना. सगळं पाण्यात गेल्यासारखं झालं होतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, ते पुन्हा भरले, पुन्हा पुसले, आणि मग त्यानं नाद सोडला.

"बाई, तुम्ही सूर द्या," तो म्हणाला. "मूळ."

बाईंनी सूर उतरवायचं बटण बंद केलं आणि कीबोर्डची एक पट्टी दाबून धरली. बारक्या सगळ्यात जाड तारेची खुंटी फिरवायला लागला. तार खालून वर चढत गेली. अर्धा सूर राहिला तिथे दादाची जागा आली आणि त्याचा हात, सोळा वर्षांच्या सवयीनं, आपणहून थांबला. बारक्या खुंटी धरून रडत होता, आवाज करून, नाक ओढत, चष्मा नसलेल्या गिऱ्हाइकासारखा आंधळा होऊन. बाईंनी पट्टीवरचं बोट उचललं नाही. वरचा सूर तसाच वाजत राहिला.

मग बारक्यानं खुंटी पुढे फिरवली.